गेमच्या दहा खिडक्या आणि प्रोसेसरचे कोअर : मशीन घेण्याआधी हिशोब मांडा

मालेगावच्या एका यंत्रमागधारक बंधूंचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांचा मुलगा बारावी झाला असून त्याला सोळा कोअरचे संगणक मशीन हवे आहे. "अब्बा, या मशीनवर मी गेमच्या दहा-पंधरा खिडक्या एकाच वेळी चालवीन. खेळ आपोआप चालेल, खेळातले सोने जमा होईल आणि ते विकून महिन्याला पैसे येतील," असे तो म्हणतो. मशीनची किंमत ऐंशी हजार सांगितली आहे आणि दुकानदार हप्त्याने द्यायला तयार आहे. पत्र लिहिणारे बंधू विचारतात, "कोअर म्हणजे नेमके काय? सोळा खरेच लागतात काय? आणि हा धंदा करण्यासारखा आहे काय?"

अशीच विचारणा संगणक जुळवून देणाऱ्या आणि दुरुस्तीचे काम करणाऱ्या दोन-तीन दुकानदार बंधूंनीही केली आहे. गिऱ्हाईक येते आणि "दहा क्लायंट चालतील असे मशीन द्या" म्हणते. काय द्यावे हे त्यांना कळत नाही. म्हणून या अंकात आम्ही हा विषय मुळापासून घेत आहोत. ज्यांचा गेमशी काहीही संबंध नाही त्यांनीही लेख वाचावा. डिझाइनचे, छपाईचे किंवा हिशोबाचे मशीन घेताना हाच हिशोब उपयोगी पडतो.

क्लायंट म्हणजे काय?

जे खेळ इंटरनेटवरून हजारो लोक एकत्र खेळतात, त्यांचे दोन भाग असतात. एक भाग कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असतो. कोणाकडे किती माल आहे, कोण कुठे उभा आहे, याची खातेवही तेथे राहते. दुसरा भाग आपल्या घरच्या संगणकावर चालतो. तो चित्र दाखवतो, आपली बटणे आणि माउसचे इशारे सर्व्हरला कळवतो. या दुसऱ्या भागाला क्लायंट म्हणतात. एकाच मशीनवर एकाच खेळाचे पाच क्लायंट उघडले आणि पाच निरनिराळ्या खात्यांनी आत गेले, तर पाच खेळाडू खेळत आहेत असे सर्व्हरला दिसते. माणसाच्या ऐवजी एखादा प्रोग्राम ही बटणे दाबू लागला की त्याला बॉट म्हणतात.

उदाहरणासाठी आम्ही रूनस्केप हा खेळ घेतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथील जॅगेक्स कंपनीचा हा खेळ २००१ मध्ये सुरू झाला. त्याची जुन्या धाटणीची आवृत्ती 'ओल्ड स्कूल रूनस्केप' २०१३ मध्ये आली. बॉट चालवणाऱ्यांची या खेळावर पहिल्यापासून नजर आहे. याचे एक कारण असे की तो हलका आहे आणि साध्या मशीनवरही चालतो. दुसरे कारण असे की त्यात लाकूड तोडणे, मासे धरणे, खाण खणणे अशी एकसुरी कामे पुष्कळ आहेत. मशीनला शिकवायला अशीच कामे सोपी जातात.

कोअर म्हणजे कारागीर

प्रोसेसर हा संगणकाचा कारखाना आहे असे समजा. कोअर म्हणजे त्या कारखान्यातला एक कारागीर. गिगाहर्ट्‌झचा आकडा म्हणजे त्याच्या हाताचा वेग. रॅम म्हणजे त्याच्यापुढचे टेबल, ज्यावर चालू कामाचा माल मांडलेला असतो. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे मागचे गोदाम. कारागिराच्या अगदी हाताशी असलेला छोटा कप्पा म्हणजे कॅश. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या वस्तू तो त्यात ठेवतो.

पूर्वी एका प्रोसेसरमध्ये एकच कोअर असे. इंटेलचा ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर १९७१ मध्ये निघाला. त्यानंतर तीसेक वर्षे कंपन्यांनी मुख्यतः एकाच कारागिराचा वेग वाढवण्यावर भर दिला. २००४ पर्यंत पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोचला. पण वेग वाढला तशी उष्णताही वाढली आणि चिप थंड ठेवणे कठीण झाले. त्याच वर्षी इंटेलने पुढची आखलेली एक-कोअरची चिप सोडून दिली आणि ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियमही बाजारात आणला नाही. एका माणसाला अधिक पळवता येईना, तेव्हा दुसरा माणूस कामावर ठेवला गेला. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही घरगुती संगणकासाठी दोन कोअरचे प्रोसेसर आणले. पुढे चार कोअर आले. २०१७ मध्ये एएमडीच्या रायझनने आठ कोअर सर्वसाधारण गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणले. आज सोळा कोअरची मशीनही दुकानात मिळते.

यातून एक मुद्दा निघतो. सोळा कोअरचे मशीन चार कोअरच्या मशीनपेक्षा चौपट वेगवान असते, असे नाही. त्यात कारागीर चौपट आहेत, पण प्रत्येकाच्या हाताचा वेग जवळपास तेवढाच आहे.

एका क्लायंटला जास्त कोअर का उपयोगी पडत नाहीत?

एक शेरवानी शिवायची आहे. चार कारागीर बसवले तर कापणे, बाही, अस्तर, काज ही कामे काही प्रमाणात वाटून देता येतील. पण कापल्याशिवाय शिवता येत नाही आणि शिवल्याशिवाय इस्त्री होत नाही. कामाचा हा भाग एकामागून एकच होणार. अमेरिकेतील संगणक अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हीच गोष्ट मांडली आणि तिला त्यांच्याच नावाने नियम म्हणतात.

हिशोब पाहा. एखादे काम एका कोअरवर १०० मिनिटांत होते. त्यातला ७५ मिनिटांचा भाग वाटून देता येतो, २५ मिनिटांचा देता येत नाही. चार कोअर दिले तर २५ अधिक सुमारे १९, म्हणजे ४४ मिनिटे लागतील. आठ दिले तर ३४, सोळा दिले तर ३०. हजार कोअर दिले तरी २५ मिनिटांच्या खाली ते काम येणार नाही.

गेमचा एक क्लायंट असाच असतो. त्याचे मुख्य काम एकाच ओळीने चालते. बटण वाचा, सर्व्हरचा निरोप घ्या, कोण कुठे सरकला ते ठरवा, चित्र काढा, पुन्हा पहिल्यापासून. कामाच्या अशा एका ओळीला थ्रेड, म्हणजे धागा म्हणतात. एक धागा एका वेळी एकाच कोअरवर चालतो. क्लायंटमध्ये आवाजाचे, फाइल वाचण्याचे दोन-चार दुय्यम धागे असतात, पण ओझे मुख्य धाग्यावरच असते. म्हणून एकच क्लायंट चालवणाऱ्याने सोळा कोअर घेतले तर बहुतेक कारागीर बिनकामाचे बसून राहतील. त्याला कोअर कमी चालतील, पण प्रत्येक कोअर वेगवान हवा.

मग दहा क्लायंटला दहा कोअर लागतात काय?

नाही. येथे आपल्या मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना फार सांगावे लागणार नाही. एक विणकर एकच माग धरून बसत नाही, चार-सहा माग सांभाळतो. माग आपला आपण चालतो. कांडी संपली किंवा तार तुटली की विणकराचा हात लागतो. ते काम झाले की तो पुढच्या मागाकडे वळतो. कोअरचेही असेच आहे. प्रत्येक क्लायंट सारखा काम मागत नाही. थोडे काम करून घेतो आणि पुढच्या पाळीपर्यंत थांबतो. तेवढ्यात विंडोज त्या कोअरला दुसऱ्या क्लायंटकडे पाठवते.

ओल्ड स्कूल रूनस्केपचा सर्व्हर आपला हिशोब दर ०.६ सेकंदाने पुढे नेतो. त्याचा मूळ क्लायंट मात्र सेकंदाला ५० वेळा, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक फेरी करतो. आता समजा, आपल्या मशीनवर एका फेरीत कोअरचे ३ मिलिसेकंद जातात. हा आकडा मशीनगणिक बदलतो, आम्ही तो फक्त हिशोबासाठी धरला आहे. २० पैकी ३ गेले, म्हणजे एका कोअरचे १५ टक्के. कागदावर एका कोअरमागे सहा क्लायंट बसतात.

चार कोअरच्या मशीनकडे दर २० मिलिसेकंदांत ८० मिलिसेकंदांची मजुरी आहे. त्यातले १० विंडोज, अँटिव्हायरस आणि इतर किरकोळ कामांना जातात असे धरा. उरले ७०. भागिले ३, म्हणजे तेवीस क्लायंट. पण कारखाना शंभर टक्के भरून कोणी चालवत नाही. कधी एखाद्या क्लायंटला नवा नकाशा उघडावा लागतो, कधी पडद्यावर गर्दी होते, तेव्हा काम अचानक वाढते. म्हणून पाव हिस्सा मोकळा ठेवावा. मग सतरा-अठरा क्लायंट उरतात. तेही चार कोअरवर. सोळाची गोष्ट अजून आलीच नाही.

विणकराला एका मागावरून दुसऱ्याकडे जाताना चार पावले टाकावी लागतात. कोअरलाही तसेच आहे. क्लायंट बदलला की हाताशी असलेल्या कप्प्यातला माल जुन्या क्लायंटचा निघतो आणि नवा माल टेबलावरून आणावा लागतो. क्लायंट जितके अधिक, तितका वेळ या ये-जा करण्यात जातो. त्यामुळे कागदावरच्या शेवटच्या दोन-चार क्लायंटच्या भरवशावर राहू नये.

खरी अडचण बहुधा टेबलाची

दुकानदार कोअरची जाहिरात करतो आणि गिऱ्हाईक कोअर मोजते. पण असे मशीन अडते ते बहुतेक वेळा रॅमपाशी. कोअर पाळीपाळीने वाटून घेता येतो, टेबल तसे वाटून घेता येत नाही. प्रत्येक क्लायंटचा माल टेबलावर मांडलेलाच राहतो, मग त्याची पाळी असो वा नसो.

समजा एका क्लायंटला ७०० मेगाबाइट लागतात आणि विंडोजसह बाकी सर्वांना ४ गिगाबाइट. ८ गिगाबाइटचे मशीन असेल तर क्लायंटसाठी ४ उरतात आणि त्यात पाचच क्लायंट मावतात. पाच क्लायंट म्हणजे दर फेरीला १५ मिलिसेकंदांची मजुरी आणि आपल्याकडे होती ८० ची. म्हणजे कोअरचा पाचवा हिस्साही वापरला गेला नाही. याच मशीनमध्ये सोळा कोअर बसवले तरी क्लायंट पाचच राहतील. उलट चार कोअर तसेच ठेवून रॅम १६ केली तर सतरा क्लायंट मावतात. अठरा हवे असतील तर १६ पुरत नाही.

टेबल भरले आणि तरीही क्लायंट उघडत गेले तर विंडोज काही माल गोदामात नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. एसएसडी असली तरी रॅमच्या मानाने ती फार संथ आहे. मग सर्वच खिडक्या अडखळू लागतात आणि गिऱ्हाईक म्हणते, "प्रोसेसर कमजोर दिला." दोष प्रोसेसरचा नसतो.

टास्क मॅनेजर वाचायला शिका

मशीन कुठे अडते आहे हे पाहण्यासाठी विंडोजचा टास्क मॅनेजर पुरेसा आहे. पण त्यात एक फसगत आहे. चार कोअरच्या मशीनवर एकच धागा एक कोअर पूर्ण खात असेल, तरी वर आकडा दिसतो २५ टक्के. आठ कोअरवर तोच आकडा साडेबारा टक्के दिसेल. मालकाला वाटते, मशीन तर मोकळे आहे, मग खेळ का अडखळतो? म्हणून एकूण आकडा न पाहता प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख उघडून पाहावा. एखादा कोअर सतत माथ्याला लागला असेल तर तो धागा अडला आहे. सर्वच माथ्याला असतील तर कोअर खरेच कमी आहेत. सर्व शांत असूनही मशीन अडत असेल तर रॅम आणि डिस्क पाहावी.

दुसरी फसगत 'लॉजिकल प्रोसेसर' या आकड्याची. चार कोअरच्या मशीनवर तो आकडा कित्येकदा आठ दिसतो. इंटेलने २००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग आणले, त्याचा हा परिणाम. एकाच कारागिरापुढे दोन कामे मांडलेली असतात. एकाचा माल येईपर्यंत तो दुसऱ्याला हात लावतो. यामुळे रिकामा वेळ वाचतो, पण हात दोनच राहतात. फायदा कामाप्रमाणे कमी-जास्त होतो. दुप्पट कधीच धरू नये, एका कोअरचा सव्वा कोअर धरला तर फसगत होणार नाही.

तिसरी गोष्ट अलीकडची. २०२१ च्या अखेरीस इंटेलने घरगुती संगणकासाठी बाराव्या पिढीचे प्रोसेसर आणले. त्यातल्या वरच्या चिपांमध्ये कोअर सारखे नाहीत, काही मोठे आणि काही छोटे आहेत. त्या पिढीची वरची चिप सोळा कोअरची म्हणून विकली गेली, पण त्यात आठ मोठे आणि आठ छोटे होते. आठ उस्ताद आणि आठ शागीर्द, असा तो कारखाना आहे. शागीर्द किरकोळ कामे चांगली उरकतात, पण त्यांचा हात उस्तादाचा नव्हे. "सोळा कोअर" ऐकले की दुकानदाराला विचारा, मोठे किती आणि छोटे किती.

ओझे कमी करण्याचे उपाय

नवे मशीन घेण्याआधी आहे त्याच मशीनवर ओझे कमी करता येते. क्लायंटचा बराच वेळ चित्र काढण्यात जातो. वरच्या ३ मिलिसेकंदांपैकी २ चित्राचे आणि १ बाकी कामाचा धरा. सेकंदाला ५० फेऱ्यांत १५० मिलिसेकंद जातात. चित्र सेकंदाला फक्त १० वेळा काढले तर बाकी कामाचे ५० आणि चित्राचे २०, असे ७० मिलिसेकंदच लागतात. ओझे निम्म्याहून कमी झाले. चित्राचे काम ग्राफिक्स कार्डाकडे दिले तर कोअर आणखी मोकळा होतो.

खिडकीचा आकारही महत्त्वाचा आहे. काही बॉट पडद्यावरचे रंग पाहून काम करतात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. या खेळाची जुनी ठरावीक खिडकी ७६५ बाय ५०३ ची आहे, तिच्यात ३,८४,७९५ ठिपके येतात. पाचव्या हिश्श्याहूनही कमी. तसेच सर्व क्लायंट एकदम उघडू नयेत. उघडताना काम सर्वांत जास्त असते. एक स्थिर झाला की दुसरा उघडावा. सकाळी सर्व माग एकदम चालू केले की मेनवर काय होते, ते आपण जाणताच.

चोवीस तास चालणाऱ्या मशीनला उष्णतेचा त्रास होतो. चिप तापली की ती स्वतःच वेग कमी करते. लॅपटॉपमध्ये हे फार लवकर होते. विजेचेही पाहा. २०० वॅट खाणारे मशीन दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४ युनिट घेते. युनिटला १० रुपये धरले तर १४४० रुपये झाले.

आता धंद्याचा प्रश्न

येथपर्यंत यंत्राचा हिशोब झाला. आता पत्र लिहिणाऱ्या बंधूंच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो.

ऐंशी हजारांचे मशीन चार वर्षे टिकले असे धरले तर महिन्याला १६६७ रुपये झिजेचे. वीज १४४०. इंटरनेट समजा ७००. हे झाले ३८०७ रुपये. त्यावर प्रत्येक खात्याची वर्गणी वेगळी. हा खर्च पक्का आहे. मिळकत मात्र पक्की नाही, कारण दुकान दुसऱ्याच्या जागेत आहे आणि जागेच्या मालकाने हा धंदा करायला मनाई केली आहे.

जॅगेक्सच्या नियमांत बॉट चालवणे आणि खेळातले सोने खऱ्या पैशाला विकणे या दोन्ही गोष्टींना बंदी आहे. खाते उघडताना आपण हे नियम मान्य करतो. कंपनी नुसते बोलून थांबत नाही. २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी तिने खेळाडूंमधला मुक्त व्यापारच बंद केला. खऱ्या पैशाच्या या व्यवहारात चोरीची क्रेडिट कार्डे वापरली जात होती, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मुक्त व्यापार फेब्रुवारी २०११ मध्ये परत आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने बॉटवर मोठी मोहीम काढली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १५ लाख खाती बंद केल्याचे जाहीर केले. खाते बंद झाले की त्यातला माल गेला, भरलेली वर्गणी गेली. दाद मागायला जागा नाही, कारण नियम आपणच मोडला होता.

बॉट बनवून विकणाऱ्यांची गत याहून वाईट झाली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळासाठी ग्लायडर नावाचा बॉट विकणाऱ्या अमेरिकी कंपनीविरुद्ध २००८ मध्ये ६० लाख डॉलर भरपाईचा निकाल लागला. २०१० मध्ये अपील कोर्टाने त्यातले काही मुद्दे फिरवले, पण खेळाचे संरक्षण चुकवण्याचे साधन विकल्याचा ठपका कायम ठेवला. २०१७ मध्ये बॉसलँड या जर्मन कंपनीवर कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने सुमारे ८६ लाख डॉलर लावले.

बाजाराचाही एक नियम आहे. बॉट जो माल काढतो तो इतरांचे बॉटही काढतात. माल वाढला की भाव पडतो. व्हेनेझुएलाचे चलन कोसळले तेव्हा तेथील कितीतरी तरुण बॉटशिवाय, स्वतःच्या हाताने तासन्‌तास हाच खेळ खेळून सोने विकत होते आणि त्यावर घरचे रेशन आणत होते. मार्च २०१९ मध्ये त्या देशाची वीज दिवसचे दिवस गेली, तेव्हा त्यांची रोजीही थांबली. नियम त्यांनीही मोडला होता, पण त्यांच्यामागे भूक होती. ज्याच्या घरी माग चालू आहेत त्याने ऐंशी हजार गुंतवून त्याच भावात माल ओतणे, हे व्यापारी म्हणूनही आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

आणि आपल्याला यापुढेही पाहायचे असते. केलेला करार पाळा, हे आपल्या दीनचे स्पष्ट फर्मान आहे. नियम मान्य करून आत जायचे आणि पहिल्या मिनिटापासून तो मोडायचा, समोरच्या खेळाडूला आपण माणूस आहोत असे भासवायचे, हे मापात खोट करण्यासारखेच आहे. त्यात मशीन व्याजाच्या हप्त्यावर घेतले तर आरंभच व्याजाने झाला. आम्ही फतवा देणारे नव्हे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या भागातील जाणकार आलिमांना सर्व हकीकत सांगून विचारावे. आमचे व्यापारी मत मात्र साफ आहे. या कामासाठी मशीन घेऊ नये.

मग हे ज्ञान कशासाठी?

मुलाचा हिरमोड करून त्याला गप्प बसवावे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलाला दहा क्लायंट एका मशीनवर चालवण्याची अक्कल आहे, त्याच्या हातात हुनर आहे. हेच काम राजरोस करणारे लोक आहेत. खेळ आणि वेबसाइट बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच्याच सर्व्हरवर हजारो आपोआप चालणारे क्लायंट सोडतात आणि गर्दीत तो टिकतो की नाही ते तपासतात. या तपासणीच्या क्लायंटना चित्र काढावेच लागत नाही, म्हणून एका मशीनवर ते कितीतरी अधिक मावतात. त्यांचाही हिशोब वरीलप्रमाणेच आहे, कोअर, रॅम आणि फेरीचा वेळ. टेस्टिंगचे हे काम शिकता येते आणि मालकाच्या परवानगीने केलेले असल्याने त्याची मजुरी निर्धोक असते.

दुकानदार बंधूंनी गिऱ्हाइकाला आधी काम विचारावे आणि मग कोअर सांगावेत. एकच हिशोबाचा प्रोग्राम आणि बिलाचा प्रिंटर असेल तर चार कोअर भरपूर, पैसा एसएसडी आणि यूपीएसवर लावावा. भरतकामाची किंवा साडीच्या काठाची डिझाइन एका वेळी एकच उघडत असेल तर वेगवान कोअर आणि १६ गिगाबाइट रॅम द्यावी. लग्नाच्या व्हिडिओचे संकलन करणाऱ्याला मात्र आठ किंवा अधिक कोअर खरेच उपयोगी पडतात, कारण ते काम वाटून देता येते. पाच कामे एकाच वेळी उघडी ठेवणाऱ्याला आधी रॅम, मग कोअर. आणि विकताना मोठे कोअर किती, छोटे किती, हे बिलावर लिहून द्यावे. गिऱ्हाईक परत येते ते अशा साफ व्यवहारामुळेच.

मालेगावच्या बंधूंना आमचा सल्ला असा. मुलाला घरात आहे त्याच संगणकावर टास्क मॅनेजर उघडून बसवा. आपल्या कारखान्याचे हिशोबाचे आणि डिझाइनचे काम चालू असताना कोणता कोअर किती चालतो, रॅम किती भरते, हे आठ दिवस वहीत लिहून काढायला सांगा. ती वही पाहून ठरवा. बहुधा ऐंशी हजारांचे काम आठ-दहा हजारांच्या रॅम आणि एसएसडीत भागेल. उरलेला पैसा मुलाच्या एखाद्या चांगल्या कोर्सला लावा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि ती हलाल ठेवो. आमीन.